सायलेन्सर नवा, तरी गाडी पुन्हा घुमते: पिकअप न गमावता आवाज कसा उतरवायचा

तक्रार साधारण अशी असते. आवाज वाढला म्हणून सायलेन्सर बदलला, काही महिने शांततेत गेले, मग तोच आवाज परत. किंवा हौसेनं मोठ्या पाईपचा मोकळा एक्झॉस्ट बसवला, सुरुवातीला मजा आली, आणि आता तासभर गाडी चालवली की कान बधिर होतात. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच: आवाज कमी करायचाय, पण पिकअप जायला नको. त्यावर गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं, "आवाज दाबला की इंजिन दबणार."

हे उत्तर चूक आहे, आणि का चूक आहे ते कळलं की पुढचं काम सोपं होतं. एक्झॉस्टच्या पाईपातून दोन वेगळ्या गोष्टी जातात. एक म्हणजे जळालेला वायू. दुसरी म्हणजे दाबाची लाट. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की सिलिंडरमधला शिल्लक दाब धाडकन पाईपात सुटतो, आणि तो धक्का वायूच्या कितीतरी पुढे, ध्वनीच्या वेगानं धावतो. ३०० अंश सेल्सिअसच्या वायूत हा वेग सेकंदाला सुमारे ४८० मीटर असतो. कानाला त्रास देते ती ही लाट. पिकअप अवलंबून असतं ते वायूच्या वाटेवर. वायूची वाट अरुंद न करता लाट जिरवता येते, परतवता येते, तिच्यावर उलटी लाट सोडून ती मारताही येते. पाईप चिंचोळा करून आवाज कमी करणं हा त्यातला सगळ्यात वाईट मार्ग. नेमका तोच सगळ्यात स्वस्त असल्यामुळे सगळीकडे केला जातो.

आवाज एक्झॉस्टचाच आहे ना?

हसू नका. चाकाच्या बेअरिंगचा आवाज, झिजलेल्या टायरची घरघर आणि एक्झॉस्टची घूम आत बसलेल्या माणसाला सारखीच वाटते. ओळखायची रीत सोपी आहे. मोकळ्या सपाट रस्त्यावर एकाच वेगाला दोन वेगवेगळ्या गिअरमध्ये गाडी चालवा. आवाज गिअरबरोबर बदलला तर तो इंजिन किंवा एक्झॉस्टचा. गिअर कोणताही असो, आवाज फक्त वेगाबरोबर चढत-उतरत असेल तर चाकांकडे बघा. एक्झॉस्टवर एक पैसाही घालवू नका.

दुसरा संशयित म्हणजे इंजिन माउंटिंग, इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार. त्याचं रबर बसलं की इंजिनाचा कंप थेट बॉडीत शिरतो आणि आवाज हुबेहूब सायलेन्सर फुटल्यासारखा येतो. गाडी उभी असताना, ब्रेक दाबून, ऑटोमॅटिक असेल तर 'डी'मध्ये टाकल्यावर स्टिअरिंग आणि सीट थरथरत असेल तर माउंटिंग आधी तपासून घ्या. आणि हे माउंटिंग लक्षात ठेवा, कारण पुढे सायलेन्सर वारंवार का तुटतो या प्रश्नात ते परत येणार आहे.

तिसरं, पाईप कुठे बॉडीला टेकतोय का. गाडीखाली वाकून, एक्झॉस्ट थंड असताना, शेवटची नळी (टेलपाईप) हातानं धरून हलवा. लोंबणाऱ्या रबरांवर ती मोकळी डुलली पाहिजे. एखाद्या ठिकाणी खट्ट वाजली किंवा तिथली पट्टी घासून चकचकीत झालेली दिसली, तर तिथून कंप आत जातोय. काही जण 'मजबूत' म्हणून कडक पॉलियुरेथेनचे हँगर लावतात. पाईप कमी हलतो हे खरं, पण घूम वाढते. रस्त्यावरच्या गाडीला मऊ रबरच बरं.

पत्र्याचा खडखडाट, म्हणजे ठरावीक आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) 'झर्रर्र' असा आवाज, बहुतेक वेळा हीट शील्डचा, म्हणजे पाईपाची उष्णता अडवणाऱ्या पत्र्याचा असतो. गंजून बोल्टाचं भोक मोठं झालेलं असतं. मोठा वॉशर किंवा स्टीलची पट्टी-क्लॅम्प, काम संपलं. शील्ड काढून फेकू नका. ते जमिनीच्या पत्र्याला, इंधनाच्या नळ्यांना आणि पार्क केल्यावर खालच्या सुक्या गवताला वाचवत असतं.

गळती आधी, सायलेन्सर नंतर

मोठ्या आवाजाचं सगळ्यात सामान्य कारण गळती आहे, आणि गळती राहिली तर जगातला सर्वात महागडा सायलेन्सरही उपयोगाचा नाही, कारण लाट त्याच्यापर्यंत पोचायच्या आधीच बाहेर पडते. नवा सायलेन्सर बसवून आवाज 'थोडासाच' कमी झाला, अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा पुढचे सांधे बघायला सांगतो.

तपासणी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना करा. मॅनिफोल्डला (सिलिंडरमधला धूर एकत्र करणाऱ्या, इंजिनाला लागून असलेल्या भागाला) चीर असेल किंवा त्याचं गॅस्केट गेलं असेल तर सुरू करताच इंजिनाच्या लयीत 'टक-टक-टक' ऐकू येतं, ॲक्सिलरेटर दिला की जोरात, आणि इंजिन तापलं की गायब. धातू प्रसरण पावून फट बुजते. म्हणून दुपारी गॅरेजमध्ये गाडी नेली की मेकॅनिक म्हणतो, काहीच नाही. पुष्कळदा त्याला टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या यंत्रणेचा, आवाज समजून व्हॉल्व्ह क्लिअरन्स करून घेतला जातो, तो वेगळाच खर्च.

मागच्या भागातली गळती शोधायला दोघं लागतात. गाडी उघड्यावर, हँडब्रेक ओढून, इंजिन सुरू. एकानं जाड ओलं फडकं टेलपाईपवर काही क्षण दाबून धरायचं, दुसऱ्यानं कान लावायचा. पाईप धड असेल तर आत दाब वाढतो, फडक्यावर हाताला जोर जाणवतो आणि इंजिन मंदावू लागतं. गळत असेल तर कुठून तरी 'फुस-फुस' सुरू होतं आणि हाताला विशेष जोर लागतच नाही. याहून निवांत पद्धत म्हणजे इंजिन बंद ठेवून व्हॅक्यूम क्लीनरची फुंकर मारणारी बाजू टेलपाईपला जोडायची आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी मारायचं. बुडबुडे जागा दाखवतात. काळी काजळी साचलेली फ्लँजही (दोन पाईप बोल्टनं जोडणारी चकती) तेच सांगते.

गाडीखाली जायचं तर स्टँडवरच, नुसत्या जॅकवर कधीच नाही. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून हे काम करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. आणि गळती प्रवाशांच्या पायाखाली असेल तर प्रश्न आवाजाचा राहातच नाही, ती आजच दुरुस्त व्हायला हवी.

पुढच्या भागातल्या गळतीचा पिकअपशीही थेट संबंध आहे. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी फट असेल तर दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी पाईपात दाब पडतो आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ झालं, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवतो, ॲव्हरेज पडतं. ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागून येणारे फटाके बऱ्याचदा याच फटीचे असतात. म्हणजे गळती बुजवली की आवाज उतरतो आणि इंजिन सुधारतं, दोन्ही एकदम. या अख्ख्या लेखात याहून फायद्याचा सौदा नाही.

बुजवायचं कसं? फ्लँज वाकडी नसेल तर नवं गॅस्केट. फ्लेक्स पाईपची, म्हणजे मधल्या लवचीक तुकड्याची, बाहेरची जाळी उसवली असेल तर तो भाग कापून नवा वेल्ड. सिलिकॉन किंवा एक्झॉस्टची पुट्टी म्हणजे घरी पोचेपर्यंतचा उपाय. थरथरत्या, तापत्या-थंडावत्या पाईपावर ती टिकत नाही.

आवाजाला आकडा द्या

गळती नाही, काही टेकत नाही, माउंटिंग चांगलं आहे, तरी गाडी घुमते. आता खरेदीला जायच्या आधी एक आकडा हवा: कोणत्या आरपीएमला सर्वात जास्त त्रास होतो? हा आकडा न घेता सायलेन्सर निवडणारे लोक एकामागून एक तीन-तीन सायलेन्सर बदलतात.

फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांना एकदा धक्का देतो. म्हणून मिनिटाचे आरपीएम भागिले ६०, गुणिले सिलिंडरची निम्मी संख्या, इतका मुख्य सूर हर्ट्झमध्ये येतो. चार सिलिंडरचं इंजिन २४०० आरपीएमला ८० हर्ट्झ देतं. सहा सिलिंडरचं २००० ला १०० हर्ट्झ. तीन सिलिंडरचं २४०० ला फक्त ६० हर्ट्झ, म्हणून छोट्या तीन सिलिंडर गाड्यांची घूम जास्त खोल आणि आवरायला अवघड असते.

आता हाच सूर गाडीच्या आतल्या पोकळीच्या सुराशी जुळला की काय होतं? साधारण २.३ मीटर लांबीच्या केबिनचा स्वतःचा सूर ७५ हर्ट्झच्या आसपास पडतो. दोन्ही जवळ आले की पाईपातून जेमतेम येणारा आवाज आत फुगून कानावर दडपण आणतो, आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाला मात्र गाडी शांत वाटते. खात्री करायची तर त्या आरपीएमला मागची एक काच दोन बोटं खाली करा. दडपण एकदम बदललं तर केबिन सामील आहे. सोबत्याला मागच्या दाराचा पत्रा किंवा छत तळहातानं दाबून बघायला सांगा. आवाज उतरला तर तो पत्रा ढोलाचं काम करतोय आणि त्यावर आतून ब्युटाइलची जड पट्टी चिकटवली की फरक पडेल. पण पट्ट्यांवर भरवसा ठेवून अख्खी गाडी मढवू नका. पत्र्याचा कंप त्यानं थांबतो, हवेतून येणारा ८० हर्ट्झ फारसा थांबत नाही. मधल्या मध्ये गाडी जड होते, म्हणजे पिकअप गेलंच.

मोबाइलवर आवाज मोजणार असाल तर एक गोम आहे. बहुतेक ॲप 'डीबी-ए' दाखवतात. हे माप माणसाच्या कानासारखं असावं म्हणून खालच्या सुरांना मुद्दाम कमी लेखतं: १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल, ६३ हर्ट्झला सुमारे २६ डेसिबल वजा. म्हणजे ज्या घुमेनं डोकं दुखतं तीच आकड्यात दिसत नाही. ॲपमध्ये 'सी' वेटिंग असेल तर ते लावा, नाहीतर स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप घ्या आणि कोणता सुळका वर येतो ते बघा. गणितानं आलेला आकडा आणि सुळका जुळले की निदान पक्कं.

बाहेरचा आवाज तुलनेसाठी मोजायचा तर आयएसओ ५१३० ची (उभ्या गाडीचा आवाज मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाची) मांडणी वापरा: टेलपाईपच्या तोंडापासून अर्धा मीटर, वायूच्या दिशेला ४५ अंशात, तोंडाच्याच उंचीला. प्रत्येक बदलानंतर तीच जागा, तेच आरपीएम. मोबाइलचा आकडा खरा किती हा मुद्दा नाही, आधी-नंतरचा फरक महत्त्वाचा. आणि अपेक्षा नीट ठेवा: ३ डेसिबल उतरले म्हणजे ध्वनीची ऊर्जा निम्मी झाली, पण कानाला तो फरक जेमतेम कळतो. आवाज 'निम्मा' वाटायला सुमारे १० डेसिबल उतरावे लागतात. एका बदलात ते क्वचित होतं.

बॅक प्रेशरची भाकडकथा

"थोडं बॅक प्रेशर लागतंच, नाहीतर टॉर्क जातो." हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईल. इंजिनाला अडथळा कधीच आवडत नाही. त्याला आवडतो वायूचा वेग. एक धक्का वेगानं पुढे गेला की त्याच्या मागे दाब कमी होतो, आणि दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे असताना तो कमी दाब सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून काढतो. पाईप गरजेपेक्षा रुंद केला की वायू मंदावतो, लवकर थंड होतो, ही ओढ संपते आणि खालच्या आरपीएमला गाडी मेलेली वाटते. लोकांनी त्यावरून निष्कर्ष काढला की बॅक प्रेशर गेलं म्हणून टॉर्क गेला. गेला होता वेग.

याचा आपल्याला फायदा आहे. १.२ ते १.६ लिटरच्या बिनटर्बो इंजिनाला कुणी ६३ मिमीचा पाईप बसवला असेल, तर तो ४५ ते ५० मिमीवर आणल्यानं आवाजही उतरेल आणि खालचं पिकअपही परत येईल. टर्बो गाडीचं वेगळं. टर्बाइन स्वतःच धक्के फोडून टाकतं, त्यामुळे आवाज मुळातच कमी, आणि टर्बोनंतरचा पाईप जितका मोकळा तितका बरा. तिथे व्यास कमी करू नका, लांबी आणि आकारमानावर काम करा.

अडथळा खरंच आहे का, हेही मोजता येतं. ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात दाबाचा गेज लावायचा. आयडलला (ॲक्सिलरेटर न देता) दीड पीएसआयच्या (दाबाचं माप) आत आणि २५०० आरपीएमला तीनच्या आत असेल तर सहसा ठीक समजतात. त्याहून बरंच जास्त आलं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा डबा, 'कॅट') तुंबलाय का बघा. त्याची आतली चिनीमातीची जाळी फुटली की डबा हलवल्यावर खुळखुळ्यासारखी वाजते, आणि तुकडे पुढे जाऊन सायलेन्सर अडवतात. अशा गाडीत आवाज विचित्र आणि पिकअप कमी, दोन्ही रोग एकाच ठिकाणचे. मात्र 'कॅट काढून टाकू, गाडी पळेल' हा सल्ला ऐकू नका. आवाज वाढतो, धूर विषारी होतो, आणि बहुतेक देशांत ते बेकायदेशीर आहे.

सायलेन्सर कोणता

बाजारात नावं पन्नास, पण आतून प्रकार मुख्यतः दोन.

पहिला सरळ नळीचा. मधून भोकांची नळी आरपार, भोवती काचतंतू, बेसाल्ट किंवा स्टीलच्या तंतूंचं पॅकिंग, बाहेर डबा. वायूला कुठे वळायचंच नाही, त्यामुळे आतल्या नळीचा व्यास मूळ पाईपाइतका असेल तर शक्तीचं नुकसान नगण्य. पॅकिंग लाटेतली ऊर्जा घर्षणानं उष्णतेत बदलतं. पण याचा जोर वरच्या सुरांवर. कर्कशपणा, फाटका आवाज, धातूचा ठणका यावर उत्तम. ८० हर्ट्झची घूम त्यातून बिनदिक्कत निघून जाते. दुसरा खोल्यांचा. आत पडदे आणि खोल्या. लाट आपटून परत येते आणि स्वतःशीच भांडून कमी होते. खालच्या सुरांवर हा भारी, पण वायूला वळणं घ्यावी लागतात.

पिकअप राखायचं असेल तर माझं मत सरळ नळीच्या बाजूनं, एका अटीवर: डबा मोठा घ्या. लोक नेमके इथेच कंजुषी करतात. दिसायला छान, हाताच्या लांबीचा बारीक गोल डबा लावायचा आणि मग आवाज मोठा म्हणून रडायचं. पॅकिंगच्या सायलेन्सरमध्ये लांबी दुप्पट केली तर डेसिबलमधली घट साधारण दुप्पट होते. पॅकिंगचा थर जाड केला तर परिणाम खालच्या सुरांकडे सरकतो. या दोन्हींत वायूची वाट आहे तितकीच राहते. खोल्यांच्या सायलेन्सरचंही तसंच: साध्या रिकाम्या डब्याचं गणित केलं तर डब्याचा व्यास पाईपाच्या तिप्पट असताना जास्तीत जास्त सुमारे १३ डेसिबल, चौपट असताना १८ डेसिबलची घट निघते. जागा मावेल तितका मोठा डबा, हा नियम.

आत बघून घ्या की नळीला गोल भोकं आहेत की आत वळवलेल्या पात्या. पात्या वायूच्या वाटेत येतात, गोल भोकं येत नाहीत. एका टोकातून दुसऱ्या टोकाला उजेड दिसला की झालं असं नाही, बोट फिरवून बघा.

एकच मोठा डबा मावत नसेल तर दोन: गाडीच्या मध्यावर सरळ नळीचा रेझोनेटर (आवाज कमी करणारा जोडडबा) आणि मागे मुख्य सायलेन्सर. अनेक कंपन्या हेच करतात, आणि 'स्पोर्टी आवाजासाठी' लोक पहिलं काम करतात ते हा मधला डबा कापण्याचं. तुमच्या गाडीचा असा कापला गेला असेल तर तो परत बसवणं हा निम्मा इलाज आहे. जागेलाही महत्त्व आहे. शेवटच्या डब्यानंतर लांबच लांब नळी सोडली तर ती नळी स्वतःच बासरीसारखी वाजते. अडीच मीटरची उघडी नळी, ४५० मीटर वेग धरला तर ९० हर्ट्झ, म्हणजे चार सिलिंडरला बरोबर २७०० आरपीएम. डबा त्या नळीच्या मधोमध सरकवला की हा सूर मोडतो.

घूम मारण्याचा खरा इलाज: बंद नळी

ज्यांची एकाच आरपीएमला घूम आहे त्यांनी बाकी सगळं सोडून हे वाचलं तरी चालेल.

मुख्य पाईपाला एक फांदी वेल्ड करायची, तिचं दुसरं टोक पूर्ण बंद. लाट या फांदीत शिरते, बंद टोकावर आपटून परत येते. फांदीची लांबी त्या सुराच्या लाटेच्या पाव असेल तर परतणारी लाट मुख्य पाईपात बरोबर उलटी पोचते आणि त्या सुराला खाऊन टाकते. वायू या फांदीतून जात नाही, त्यामुळे पिकअपला धक्का नाही. इंग्रजी 'जे' अक्षरासारखी वळवून बसवतात म्हणून तिला जे-पाईप म्हणतात.

लांबी म्हणजे ध्वनीचा वेग भागिले सुराच्या चौपट. ८० हर्ट्झ आणि ४८० मीटरचा वेग धरला तर १.५ मीटर. पण इथे एक मेख आहे. बंद फांदीत वायू वाहत नसल्यामुळे आतला वायू मुख्य पाईपापेक्षा थंड राहतो, आणि थंड वायूत ध्वनी हळू जातो. आतलं तापमान १५० अंश असेल तर वेग ४१२ मीटर आणि लांबी १.३ मीटरच लागते. म्हणून आधी लांब बनवा. टोकाला सरकणारी नळी आणि टोपी क्लॅम्पनं बसवा, गाडी चांगली तापेपर्यंत चालवा, घूम कुठल्या आरपीएमला सरकली ते बघा आणि दोन-तीन सेंटिमीटरनं आत घेत जा. कापलेली नळी वाढवण्यापेक्षा लांब नळी कापणं सोपं. जागा सापडली की मग टोपी वेल्ड. सुईइतकी गळती राहिली तरी परिणाम संपतो.

फांदीचा व्यास मुख्य पाईपाइतका किंवा त्याच्या जवळपास ठेवा. बारीक फांदी अगदी चिंचोळ्या पट्ट्यात काम करते, आरपीएम थोडं हललं की घूम परत. सरळ ठेवायला जागा नसेल तर मुख्य पाईपाला समांतर वळवून नेली तरी चालते. बंद टोक किंचित वर ठेवा, म्हणजे साचणारं पाणी मुख्य पाईपात परत येईल. आणि फांदी टेलपाईपच्या तोंडाजवळ लावू नका. उघड्या तोंडाशी दाबाची लाट जवळजवळ शून्य असते, तिथे मारायला काही शिल्लकच नसतं.

साठ हर्ट्झच्या आसपासची घूम असेल तर फांदी दोन मीटरकडे जाते, गाडीखाली ती कोंबणं कठीण. तिथे हेल्महोल्त्झचा डबा लावतात: अरुंद गळा आणि मागे बंद डबा. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जो एकच सूर निघतो तेच तत्त्व, फक्त इथे तो सूर गिळला जातो. गळा आखूड आणि रुंद केला की सूर चढतो, डबा मोठा केला की उतरतो.

तीनचार वेगवेगळ्या आरपीएमला त्रास असेल तर एका फांदीनं भागणार नाही. मग मोठा डबा, किंवा झडपेचा एक्झॉस्ट: खालच्या आरपीएमला झडप बंद, वायू खोल्यांच्या वाटेनं, जोरात ॲक्सिलरेटर दिला की झडप उघडी, वाट सरळ. उत्तम चालतो, पण झडप काजळीनं अडकते. अडकलेली झडप उघडी राहिली तर आवाज, बंद राहिली तर पिकअप जातं.

पुन्हा पुन्हा का होतं

सायलेन्सर बाहेरून नाही, आतून गंजतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. रोजच्या दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत मागचा डबा पुरता तापतच नाही, वाफेचं पाणी होऊन तळाला साचतं, त्यात आम्लं मिसळतात. अधूनमधून गाडी अर्धा तास सलग चालवणं हा फुकटचा उपाय. डब्याच्या तळाला कंपनीनं बारीक छिद्र दिलेलं असतं ते याच पाण्यासाठी. 'गळती' समजून ते वेल्ड करून टाकलं की डबा लवकर कुजलाच.

पॅकिंगच्या सायलेन्सरचा आवाज हळूहळू वाढत गेला तर पॅकिंग जळून किंवा तुटून टेलपाईपातून उडून गेलेलं असतं. डबा रिव्हेटचा असेल तर उघडून परत भरता येतो. नळीला लागून आधी स्टीलच्या तंतूंचा थर, मग त्यावर बेसाल्ट किंवा काचतंतू. असं भरलं तर जास्त टिकतं. ठासून दगड करू नका, सैल सोडून पोकळीही ठेवू नका.

आणि तेच माउंटिंग. वेल्ड पुन्हा त्याच जागी तडकत असेल किंवा फ्लेक्स पाईप वर्षातून एकदा फाटत असेल, तर दोष वेल्डरचा नाही. बसलेल्या माउंटिंगमुळे इंजिन प्रत्येक झटक्याला जास्त झुलतं आणि सगळा ताण पाईपावर येतो. पाईप बसवताना हँगरला ओढून-ताणून जुळवला असेल तरी हेच. सगळे सांधे सैल ठेवून पाईप मोकळा लटकवायचा, रबरं सरळ उभी दिसली की पुढून मागे कसत यायचं.

हे करू नका

टेलपाईपच्या तोंडात बसवायच्या टोप्या, ज्यांना डीबी किलर म्हणतात, त्या वाटच अर्धी करतात. आवाज उतरतो, वरच्या आरपीएमला इंजिन गुदमरतं. तोंडात भांडी घासायची तारेची चोथी कोंबणं हा त्याचाच गरीब भाऊ. टेलपाईप गाडीखालीच संपवणंही वाईट: आवाज जमिनीच्या पत्र्यावर आपटतो आणि धूर आत येतो. तोंड बंपरच्या बाहेर हवं.

फॅब्रिकेटरकडे जाताना नुसतं "आवाज कमी करून दे" म्हणू नका. कागदावर लिहून न्या: घूम कोणत्या आरपीएमला, सूर किती हर्ट्झ, मूळ पाईपाचा आतला व्यास किती, आणि गाडीखाली डब्यासाठी मोकळी जागा लांबी-रुंदी-उंचीत किती. व्यास कुठेही मूळ पाईपापेक्षा कमी करायचा नाही, वाकवताना नळी चेपायची नाही, हे आधीच ठरवा. पिकअपची तुलना करायची तर कामाआधी एकाच रस्त्यावर, एकाच गिअरमध्ये, तिसऱ्यात ४० ते ८० किलोमीटर वेगाला किती सेकंद लागतात ते दोन्ही दिशांनी मोजून ठेवा. टाकीत पेट्रोल साधारण तेवढंच असताना कामानंतर परत मोजा. पहिल्या दिवशी सगळं टॅकवरच (वेल्डच्या तात्पुरत्या ठिपक्यांवर) जोडून घ्या, चालवून बघा, पूर्ण वेल्ड दुसऱ्या दिवशी. आणि गाडी दोन-चार वेळा तापून थंड झाल्यावर क्लॅम्प आणि फ्लँजचे बोल्ट एकदा परत कसा. नव्या गॅस्केटचे बोल्ट हमखास सैल पडतात.